सार्वजनिक घरें आणि भाडेकरूचा शब्द

वऱ्हाडांतील शेतकरी घर बांधावयास निघाला म्हणजे प्रथम पायाचा विचार करतो. या मुलखाची काळी जमीन पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत मोठमोठ्या भेगा पाडून आकसते. पाया उथळ राहिला तर दोनतीन वर्षांत भिंत तडकते. मग दार कोणत्या दिशेस ठेवावें, चूल कोठें मांडावी, गुरें कोठें बांधावीं, हें तो घरच्या माणसांस विचारून ठरवितो. घर लहान असो वा मोठें, राहणाऱ्याचा शब्द त्याच्या बांधणींत उतरलेला असतो. परंतु घर सरकारनें किंवा एखाद्या मंडळानें बांधलें व गरिबास राहावयास दिलें, म्हणजे राहणारा एक आणि ठरविणारा दुसरा, अशी स्थिति उत्पन्न होते. अशा घरांत भाडेकरूनें केवळ भाडें भरावें, कीं कारभारांतहि भाग घ्यावा? गेल्या सव्वाशें वर्षांत या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्रांत हळूहळू बदलत आलें आहे, आणि त्यांत अमरावती-अकोल्याचा वांटा निराळा आहे.

या इतिहासाचा आरंभ मुंबईस झाला. १८९६ सालीं त्या शहरांत प्लेगची सांथ आली. दाट वस्तींतील अंधाऱ्या खोल्यांवर दोष ठेवण्यांत आला आणि १८९८ सालीं मुंबईचा सुधार ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या वस्त्या पाडून रस्ते काढणें व चाळी उभारणें हें त्याचें काम होतें. पुढें १९२० सालीं निघालेल्या विकास खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांची खोली १६० चौरस फुटांची, शौचकूप सामाईक. एवढ्या जागेंत संसार कसा मांडावयाचा, हें गिरणीकामगारास कोणीं विचारलें नाहीं.

तरीहि त्या चाळी मुक्या राहिल्या नाहींत. परळच्या ट्रस्टच्या चाळींत १९१२ पासून सुमारें बावीस वर्षें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें वास्तव्य होतें, आणि गिरणगांवांतील कितीएक चळवळी अशाच चाळींच्या अंगणांत वाढल्या. नळावरील पाळी, उत्सवाची वर्गणी, शेजाऱ्यांचे तंटे, हा सारा कारभार रहिवाशांनीं आपल्या पंचांकरवीं चालविला. मालकी कचेरीची, पण नांदणूक लोकांची, असा हा प्रकार होता. उणीव एवढीच कीं, त्या पंचांचा अधिकार कोणत्याहि कागदावर नव्हता.

कागदावरचा अधिकार प्रथम मिळाला तो सहकाराच्या वाटेनें. १९१५ सालीं मुंबईंत गांवदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. रावबहादुर श्रीपाद सुब्बराव तालमकी हे तिचे प्रमुख प्रवर्तक. घरें संस्थेचीं, आणि राहणारे एकाच वेळीं तिचे भागीदार व भाडेकरू, अशी ही योजना. भाडें देणारा तोच आणि हिशेब पाहणाराहि तोच! मात्र संस्थेचा भाग विकत घेण्याइतकी पुंजी ज्याच्यापाशीं होती, त्यासच हें दार उघडें होतें. तिकडे नागपुरास एम्प्रेस मिलनें इंदोरा येथें वसाहत काढली व कामगारांनीं कर्जाऊ पैशावर आपलीं घरें उभारून हप्त्यांनीं रक्कम फेडावी, अशी सोय केली. विदर्भांत राहणाऱ्याच्या हातीं बांधकाम देण्याचा हा एक जुना दाखला होय.

जेथें अशी सोय नव्हती तेथें भाडेकरूस कायद्याच्या ढालीची गरज होती. याच १९१५ सालीं स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं युद्धकाळांतील भाडेवाढीविरुद्ध मेरी बार्बर प्रभृति स्त्रियांनीं संप पुकारला. घरोघरच्या बायकांनीं भाडें देण्याचें नाकारलें, आणि वर्षअखेर ब्रिटिश पार्लमेंटास भाडीं गोठविणारा कायदा करावा लागला. मुंबईंतहि १९१८ सालीं भाडेनियंत्रण आलें.

वऱ्हाडची गोष्ट वेगळी होती. १९०३ पासून हा प्रदेश मध्यप्रांतास जोडलेला होता. तो १९५६ सालीं द्विभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. त्यामुळें मुंबईचे भाडेकायदे येथें लागू नव्हते. येथें १९४६ च्या कायद्याखालीं १९४९ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण हुकूम निघाला. भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी मिळाल्यावांचून मालकास भाडेपट्टा संपविण्याची नोटीसच देतां येत नसे. थकबाकी आहे कीं मालकास खरोखर गरज आहे, याची चौकशी आधीं होई आणि तींत भाडेकरूचें म्हणणें ऐकलें जाई. ३१ मार्च २००० रोजीं महाराष्ट्राचा एकत्रित भाडे नियंत्रण कायदा अंमलांत येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धें शतक, अमरावती-अकोल्याचा भाडेकरू या हुकुमाच्या आधारानें राहिला. हा हुकूम मुख्यतः खाजगी घरांसाठीं होता. तरी आपल्या म्हणण्यास कचेरींत कांहीं मोल आहे, ही जाणीव त्यानेंच येथें रुजविली. परंतु नियंत्रकापुढें प्रत्येक भाडेकरू एकटाच उभा राही. शेजाऱ्याशीं मिळून बोलण्याचा प्रसंग त्यांत नव्हता.

तो प्रसंग गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींनीं आणला. १९५० च्या कायद्यानें मध्यप्रदेशाचें गृहनिर्माण मंडळ निर्माण झालें. १९५२ सालीं औद्योगिक कामगारांच्या घरांसाठीं केंद्राची साहाय्य योजना सुरू झाली. १९६० सालीं विदर्भाच्या आठ जिल्ह्यांसाठीं स्वतंत्र विदर्भ गृहनिर्माण मंडळ आलें. डिसेंबर १९७७ मध्यें तें इतर मंडळांबरोबर महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणांत, म्हणजे म्हाडांत, विलीन झालें. या प्राधिकरणाच्या अमरावती मंडळाकडे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वाशीम हे पांच जिल्हे आहेत. आरंभीं सार्वजनिक गाळे मुख्यतः भाड्यानें दिले जात. मग भाडेखरेदीची पद्धति आली, आणि पुढें राहणाऱ्यांसच गाळे मालकीनें देऊन त्यांच्या सहकारी संस्था नोंदविण्याचें धोरण पडलें. अशा रीतीनें भाडेकरूचा सभासद झाला.

हा फरक नांवापुरता नव्हे. भाडेकरू छप्पर गळूं लागलें म्हणजे अर्ज करतो. सभासदास सभा बोलवावी लागते. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानें मोठ्या गाळ्याच्या आणि लहान गाळ्याच्या सभासदास एकच मत दिलें. हिशेब मागणें, समिति निवडणें व बदलणें, दुरुस्तीचा निधि ठरविणें, हे अधिकार सर्वसाधारण सभेकडे आले. परंतु अधिकाराबरोबर कष्टहि आले. पूर्वी जी टाकी मंडळ धुवून घेई, ती आतां सभासदांनीं धुवून घ्यावयाची असते. सभेस गणसंख्या भरत नाहीं, समितींत तींच माणसें वर्षानुवर्षें राहतात आणि जिना मात्र कोणाचाच नसतो, असें चित्र पुष्कळ वसाहतींत दिसतें. दोष कायद्याचा थोडा, संवयीचा अधिक. ज्यास पिढ्यान्‌पिढ्या विचारलें गेलें नाहीं, तो एका दिवसांत बोलूं लागत नाहीं.

मुंबईंत हा अधिकार आणखी एक पाऊल पुढें गेला. १९८६ सालीं म्हाडाच्या कायद्यांत एक नवें प्रकरण घालण्यांत आलें. जुन्या उपकरप्राप्त इमारतींतील शेंकडा ७० रहिवाशांनीं सहकारी संस्था करून मागणी केली, तर मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला देऊन ती इमारत संपादन करतां यावी, अशी त्यांत तरतूद होती. मालकांनीं तिला आव्हान दिलें. त्यांतून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं निर्णय दिला कीं, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ति ठरत नाहीं. १९९५ नंतरच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनांतहि ७० टक्के संमतीची अट होती. अशा अटींमुळें विकासकास दारोदार जावें लागलें, ही जमेची बाजू. पण संमति ही आधींच तयार झालेल्या नकाशावरची सही असते. नकाशा काढतांना विचारणें ही गोष्ट निराळी.

तें न विचारल्याचें, किंवा विचारून न ऐकल्याचें, मोल किती असतें हें लंडन शहरानें पाहिलें आहे. तेथील ग्रेनफेल टॉवर या सार्वजनिक इमारतीच्या रहिवाशांनीं आगीच्या धोक्याविषयीं पुनःपुन्हा लिहून कळविलें होतें. १४ जून २०१७ रोजीं ती इमारत पेटली व ७२ जीव गेले. त्यानंतर २०२३ सालीं भाडेकरूंच्या तक्रारींस बळ देणारा नवा कायदा तेथें झाला.

वऱ्हाडच्या खेड्यांतील घरकुलांचा विचार येथें अवश्य केला पाहिजे, कारण गरिबांच्या घरांचा मोठा प्रश्न तेथेंच आहे. १९८५ सालीं सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेचें एक तत्त्व असें होतें कीं, घर लाभार्थ्यानें स्वतः बांधावें, ठेकेदार मध्यें नसावा. आणि घर स्त्रीच्या अथवा पतिपत्नींच्या संयुक्त नांवें असावें. २०१६ सालीं आलेल्या ग्रामीण आवास योजनेंत सपाट प्रदेशासाठीं १ लाख २० हजार रुपयांचें साहाय्य व किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरलें, आणि पात्र कुटुंबांची यादी ग्रामसभेपुढें तपासण्याची अट आली. शहरांसाठीं २०१५ च्या योजनेंत स्वतः घर बांधणाऱ्यास केंद्राचें दीड लाख व राज्याचें एक लाख, असें साहाय्य ठेवलें गेलें.

येथें राहणाऱ्याचा शब्द पुनः पायापर्यंत पोहोंचतो, हें खरें. काळ्या मातींत पाया किती खोल न्यावा हें गांवचा गवंडी जाणतो. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत विहिरीचें खारें पाणी बांधकामास घातलें तर लोखंड गंजतें, हें तेथील बाईस ठाऊक असतें. अकोल्याचा पारा उन्हाळ्यांत ४५ अंशांवर चढतो, तेव्हां टिनाच्या छपराखालीं तान्हें मूल कसें निजवावें, हा प्रश्नहि तिचाच. परंतु जबाबदारीहि तिच्याच अंगावर येते. पाया झाल्यावर एक हप्ता, भिंती उठल्यावर दुसरा, अशी रीति असल्यानें हप्ता लांबला कीं अर्धी भिंत पावसांत उभी राहते आणि सावकाराचें दार दिसूं लागतें. ज्याच्या नांवें जागाच नाहीं, तो तर यादींत असूनहि बाहेर राहतो. शहरांतील सरकारी जागेवरील निवासी अतिक्रमणें नियमित करण्याचें धोरण २०१८ सालीं राज्यानें आंखलें, तें याच अडचणीपायीं.

या सर्व इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चाळीच्या भाडेकरूस नांदण्याची मुभा मिळाली, नियंत्रकापुढील भाडेकरूस संरक्षण मिळालें, वसाहतींतील सभासदास मत मिळालें, घरकुलाच्या धन्यास थापी मिळाली. प्रत्येक पायरी मोलाची आहे. परंतु यांपैकीं कोणतीहि एक पुरेशी नाहीं. संरक्षण असून मत नसेल तर माणूस एकटा पडतो. मत असून सभेस जाणें नसेल तर तें कागदावर राहतें. थापी असून वेळेवर पैसा व पायाखालीं जागा नसेल तर सहभाग म्हणजे केवळ ओझें होतें. म्हणून यादी वाचावयाची असेल तेव्हां ग्रामसभा भरली पाहिजे, हिशेब मांडावयाचा असेल तेव्हां संस्थेची सभा भरली पाहिजे, आणि नकाशा काढण्यापूर्वी त्या घरांत चूल पेटविणारीस तो दाखविला पाहिजे. तिच्या शब्दासाठीं सभेंत जागा ठेवणें हें मंडळाचें काम आहे, आणि त्या जागीं जाऊन बसणें हें तिचें व तिच्या शेजाऱ्यांचें.