फ्रँकफुर्टचे स्वयंपाकघर

घरबांधणीच्या नव्या शैलीविषयी बोलताना जाणते लोक उंच इमारती नि काचेच्या भिंती दाखवतात. मी मात्र आज तुम्हाला थेट चुलीपाशी नेणार आहे.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले, तेव्हा जर्मनीत घरांची भारी टंचाई होती. फ्रँकफुर्ट शहराने साध्या माणसांसाठी वसाहती बांधायला काढल्या. कामाचे प्रमुख अर्न्स्ट माय. त्यांनी व्हिएन्नाहून मार्गारेटे लिहोत्स्की या तरुण बाईंना बोलावून घेतले. ऑस्ट्रियात वास्तुकला शिकलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक.

१९२६ साली त्यांनी आखलेले स्वयंपाकघर जेमतेम सहा फूट रुंद नि अकरा फूट लांब! आगगाडीच्या भोजनडब्यातली स्वयंपाकखोली एवढीशीच असते, तरी तिथून कितीतरी माणसांची ताटे निघतात; त्यांनी नमुना तोच घेतला. बाईमाणसाची पावले किती पडतात, वेळ कुठे जातो, याचा हिशेब मांडला. खिडकीखाली ओटा, बसून भाजी चिरायला फिरते स्टूल, साली लोटायला ओट्यालाच सोय. तांदूळ, साखर, डाळीसाठी ॲल्युमिनियमचे खण. मूठ धरून उपसावा नि त्याच्याच तोटीने भांड्यात ओतावे. पिठाला मात्र ओक लाकडाचा खण, कारण त्यात अळी होत नाही अशी समजूत. रंग निळसर, का? तर त्यावर माशा बसत नाहीत म्हणे! नक्षी, कंगोरे कुठेच नाहीत. वस्तूचा घाट तिच्या कामावरून ठरला, आणि नवी शैली म्हणतात ती हीच.

अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसली. सगळ्याच बायका खूश झाल्या असे नाही हं. खोली एकटीपुरतीच. माय-लेकींनी मिळून रांधायचे म्हटले तर कोपराला कोपर लागे, आणि घरचे जुने कपाट आत मावेना. घरची बाई त्या खोलीत एकटी पडली, अशी टीका पुढे बायकांनीच केली. मला ती खरी वाटते. पावले वाचली, पण सोबतही गेली.

लिहोत्स्कीबाई २००० साली, १०२ वर्षांच्या होऊन वारल्या. उतारवयात त्यांनी मोकळेपणी सांगून टाकले होते, की हे स्वयंपाकघर आखण्यापूर्वी आपण ना कधी घर चालवले होते, ना कधी स्वयंपाक केला होता.