खांद्याला सोसेल असे काडतूस

वडोदऱ्यात मांडवीजवळच्या नजरबाग वाड्यात गायकवाडांच्या चांदीच्या आणि सोन्याच्या तोफा असत. चांदीच्या खंडेरावांनी करवल्या, सोन्याच्या मल्हाररावांनी. बडोदा संस्थानाला २१ तोफांच्या सलामीचा मान होता. सलामीच्या बारात गोळा नसतो, त्यामुळे धक्का कमी बसतो. खरा गोळा भरलेली तोफ मात्र गाड्यासकट मागे सरकते. शिकारी बंदुकीला असा गाडा नसतो, तो सगळा धक्का माणसाच्या खांद्यावर येतो. खंडेरावांच्या काळी मैदानातल्या काळविटावर पाळलेला चित्ता सोडत, तिथे बंदुकीवाचून भागत असे. सांबरासारख्या थोराड जनावराला गोळीच हवी. अमेरिकेतला एल्क हा सांबराच्याच कुळातला, त्याहून वजनदार. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. अशा जनावरासाठी काडतूस निवडताना आजही बहुतेकांचा कल ‘जितके दांडगे तितके बरे’ असाच असतो. काडतुसाचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. गेल्या दीडशे वर्षांत मोठ्या शिकारीचे खरे पाऊल पुढे पडले ते धक्का कमी झाला तेव्हा.

काळ्या दारूच्या जमान्यात दुसरा मार्गच नव्हता. ती दारू कितीही ठासली तरी गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे जात नसे. मारा वाढवायचा तर गोळी जड करायची, एवढाच उपाय. सर सॅम्युएल बेकर हे इंग्रज शिकारी आफ्रिकेत एक बंदूक वापरत, ती अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा फेकायची. तिथल्या अरबांनी तिला ‘तोफेचे पोर’ असे नाव दिले होते. बार निघाला की बेकरांसारखा धिप्पाड गडीही गर्रकन फिरे, आणि ती उडवायची त्यांना धास्तीच वाटे. ब्रिटिश लष्करात १८७१ साली आलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी ३१ ग्रॅमची होती आणि तिच्यामागे साडेपाच ग्रॅम दारू. सैनिकांचे खांदे काळेनिळे पडत. घोडदळाच्या आखूड, हलक्या कार्बाइनला हेच काडतूस सोसेना, म्हणून तिच्यासाठी गोळी आणि दारू दोन्ही कमी केलेले वेगळे काडतूस काढावे लागले. धक्क्याने नेम बिघडतो हे सरकारी शस्त्रागारांनीच अशा रीतीने मान्य केले.

ही कोंडी फोडली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने. १८८४ मध्ये त्याने बिनधुराची दारू सिद्ध केली आणि दोनच वर्षांत ती फ्रेंच सैन्याच्या ८ मिलिमीटरच्या लेबेल रायफलीत आली. थोड्या दारूत मोठा वेग मिळू लागला, नळी बारीक झाली, गोळी हलकी झाली. यामागचे गणित साधे असले तरी फार मोलाचे आहे. गोळीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, खांद्याकडे येणारा रेटा मात्र वेगाच्या सरळ पटीत. मार्टिनी-हेन्रीची ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ४१० मीटर वेगाने सुटे. १८९०च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत माउझरने ७ × ५७ हे काडतूस बसवले. त्याची ११ ग्रॅमची गोळी सुमारे ७०० मीटर वेगाने सुटे. दोन्ही गोळ्यांची ऊर्जा जवळजवळ सारखी, २६०० ते २७०० जूल. पण गोळीचा संवेग माउझरमध्ये सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी. बंदुकीचे वजन तेच धरले तर धक्क्याची ऊर्जाही या संवेगाच्या वर्गाने बदलते, म्हणून खांद्याला बसणारा मार निम्म्याहून कमी होतो. नळीतून निघणाऱ्या वायूचा रेटा मिळवला तरी निष्कर्ष बदलत नाही, कारण माउझरमध्ये दारूही निम्म्याहून कमी लागे.

केवळ वेगाने मात्र काम झाले नसते. कडक धातूचे आवरण असलेली बारीक गोळी जनावरातून आरपार जाई आणि आत फारशी इजा करत नसे. वायव्य सरहद्दीवरच्या १८९५च्या चित्रळ मोहिमेत थ्री-नॉट-थ्री या ब्रिटिश लष्करी काडतुसाबद्दल हीच तक्रार आली. तेव्हा कलकत्त्याजवळच्या दमदम शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाचे आवरण काढून शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार केली. लागताच ती फुलते आणि आपली ऊर्जा आतच सोडते. माणसांवर ती वापरणे अमानुष म्हणून १८९९च्या हेग परिषदेने युद्धात तिला बंदी घातली, आणि ती बंदी योग्यच होती. शिकारीत मात्र हीच गोळी जनावराला लवकर सोडवते. हलक्या धक्क्याचे काडतूस मोठ्या सावजाला पुरते ते या फुलणाऱ्या गोळीमुळे.

हिंदुस्थानात पुढची वळणे कायद्याने दिली. लष्कराचे काडतूस रयतेच्या हाती पडून बंडात वापरले जाईल, या धास्तीने इंग्रज सरकारने थ्री-नॉट-थ्री खासगी वापरातून वगळले, पुढे .४५० बोरावरही गदा आणली. विलायती कारखानदारांनी मग .४७० सारखी नवी जाडजूड काडतुसे काढली. ती साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या दुनळींसाठी. साध्या परवानाधारकाच्या वाट्याला आले .३१५ बोर, म्हणजे मूळचे ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे ८ मिलिमीटरचे काडतूस. त्याची रायफल पुढे इच्छापूरच्या कारखान्यात थ्री-नॉट-थ्रीच्याच सांगाड्यावर बनू लागली, आणि काडतुसे बनली आपल्या पुण्याजवळ, १८६९ साली सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. ते काडतूस हातात घेऊन पाहावे: बुडाशी कड असलेली, तोंडाकडे निमुळती होत गेलेली पितळी पुंगळी, वर बोथट नाकाची जाड गोळी, बुडावर ‘केएफ’ ही खडकीची अक्षरे. वेग बेताचा, धक्का सोसवणारा. आजच्या मोजमापाने ते मागासलेले ठरते, तरी डुकरांपासून पिके राखणाऱ्या शेतकऱ्यांचे त्याने दीर्घकाळ भागवले. ज्याला वर्षाकाठी मोजकीच काडतुसे मिळतात त्याला सरावही मोजकाच जमतो. अशा माणसाच्या हाती आदळणारी बंदूक देणे म्हणजे जखमी जनावरे रानात सोडणे.

हलक्या काडतुसाच्या बाजूने नामवंत शिकाऱ्यांचे दाखले दिले जातात, आणि पहिला आक्षेप त्या दाखल्यांबद्दल असतो. कारामोजो बेल याने हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुतेक ७ × ५७ने, हे खरे. पण तो हत्तीच्या कवटीची चिरफाड करून मेंदूची जागा अभ्यासणारा असामान्य नेमबाज होता. जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीबद्दल मिळालेली .२७५ रिग्बी म्हणजे हेच ७ × ५७ काडतूस. रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी १९२६ मध्ये याच बोराने मारला. पण वाघासाठी तेही पुष्कळदा भारी दुनळी घेत. दोन्ही मुद्दे मान्य. हत्ती मारायला ७ मिलिमीटर घ्यावे असे कोणी म्हणणार नाही, आणि अंगावर येणाऱ्या वाघाला जागीच थोपवावे लागते, ती गरज वेगळी. एल्क अंगावर धावून येत नाही, तो पळतो. त्याच्यासाठी हवी ती फुफ्फुसांत नेमकी बसलेली गोळी. स्वीडनमध्ये एल्क म्हणतात तो प्राणी म्हणजे मूस, अमेरिकेतल्या एल्कहून मोठा, आणि तिथले शिकारी त्याला पिढ्यान्‌पिढ्या १८९४च्या ६.५ × ५५ने मारत आले आहेत. तिथे हे सामान्य माणसांचे रोजचे काडतूस आहे, त्यामुळे असामान्य नेमबाजीचा आक्षेप उरत नाही. कोलोरॅडोचा कायदाही एल्कसाठी सहा मिलिमीटरची नळी आणि साडेपाच ग्रॅमची गोळी यांसारख्या किमान अटी घालतो. तो तळ आहे, निवडीचा आदर्श नव्हे. पण भीती किती फुगवलेली आहे हे त्यावरून कळते.

दुसरा आक्षेप असा की जड बंदूक घ्यावी किंवा नळीच्या तोंडाशी ब्रेक लावावा, म्हणजे दांडगे काडतूसही निभते. वजनाने धक्का कमी होतो, पण एल्कची शिकार डोंगर चढून करायची असते आणि जादा किलो दिवसभर खांद्यावर वागवावा लागतो. ब्रेकने धक्का कमी होतो तसा आवाज कानठळ्या बसवणारा होतो, शेजारच्या वाटाड्याच्या कानालाही त्याची किंमत मोजावी लागते. १९५८च्या .३३८ विंचेस्टर मॅग्नमचा धक्का सारख्या वजनाच्या बंदुकीत ७ × ५७च्या अडीच पटीच्या घरात जातो. चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागले की ती जादा ताकद झाडाझुडपांत जाते. खूप लांबून, जोराच्या वाऱ्यात बार काढायचा असेल तर मॅग्नमचा फायदा खरा आहे. पण तेवढ्या अंतरावरून मारण्याइतका सराव ज्याने केला आहे त्याला सल्ल्याची गरज नसते.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकार संपली, आणि सांबराला संरक्षण मिळाले. अमेरिकेत रीतसर परवाना काढून एल्कच्या मागे जाणाऱ्या मराठी माणसाने ७ × ५७, ७ मिमी-०८ किंवा ६.५ × ५५ यांपैकी एक काडतूस घ्यावे, आत मजबूत बांधणीची फुलणारी गोळी घालावी, अडीचशे मीटरच्या आत थांबावे, आणि मॅग्नमवर गेले असते ते पैसे सरावाच्या काडतुसांवर खर्च करावेत.