प्रक्रियाजोडी

प्रक्रियाजोडी ही बिघाड झाल्यानंतरही संगणकीय जाळ्यातील सेवा अखंड चालू ठेवणारी सॉफ्टवेअर रचना आहे. या रचनेत एकाच कामासाठी दोन प्रक्रिया वेगवेगळ्या प्रोसेसरांवर किंवा संगणकांवर ठेवलेल्या असतात. प्राथमिक प्रक्रिया प्रत्यक्ष काम करते. ती बंद पडल्यास राखीव प्रक्रिया तेच काम पुढे चालवते.

कार्यपद्धती

प्राथमिक प्रक्रिया प्रत्येक महत्त्वाच्या टप्प्यावर आपल्या स्थितीची नोंद राखीव प्रक्रियेकडे पाठवते. या नोंदीस चेकपॉइंट म्हणतात. समजा, नांदेड जिल्ह्यातील नायगाव येथील खातेदाराने ५०० रुपये पाठवले आणि खात्यातून रक्कम वजा होताच बँकेच्या संगणकावरील प्राथमिक प्रक्रिया बंद पडली. उत्तर न मिळाल्याने तीच मागणी पुन्हा येते. राखीव प्रक्रियेकडे अद्ययावत नोंद नसेल, तर रक्कम दोनदा वजा होण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येक मागणीस क्रमांक दिला जातो. तो आधीच नोंदलेला आढळल्यास व्यवहार पुन्हा न करता पूर्वीचेच उत्तर पाठवले जाते.

इतिहास

१९७४ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या टँडेम कंपनीने आपल्या नॉनस्टॉप संगणकांत ही पद्धत वापरली. त्यांतील प्रत्येक प्रोसेसर ठरावीक काळाने आपण चालू असल्याचा संदेश इतरांना पाठवत असे. संदेश थांबल्यास तो प्रोसेसर बंद पडल्याचे मानले जाई. याच कंपनीतील संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ साली एका प्रणालीतील १३२ सॉफ्टवेअर दोष तपासले. त्यांपैकी केवळ एक दोष पुन्हा हमखास उद्भवणारा होता. उरलेले तात्कालिक परिस्थितीतून निर्माण झाले होते. त्यामुळे तेच काम राखीव प्रक्रियेने पुन्हा केल्यास ते बहुधा यशस्वी होते, हे स्पष्ट झाले.

मुंबईतील शेअर बाजार

मुंबई शेअर बाजाराने १९९५ साली सुरू केलेली 'बोल्ट' ही व्यवहारप्रणाली टँडेमच्या संगणकांवर चालत असे. राष्ट्रीय शेअर बाजाराने स्ट्रेटस कंपनीचे दोषसह संगणक वापरले. त्यांत दुहेरी यंत्रसामग्री एकच आज्ञा एकाच वेळी पार पाडते.

राष्ट्रीय शेअर बाजाराचे राखीव केंद्र चेन्नई येथे आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दूरसंचार जोडण्यांतील बिघाडानंतर या बाजारातील व्यवहार सकाळी ११:४० वाजता थांबले आणि दुपारी ३:४५ वाजता पूर्ववत झाले. त्या दिवशी कामकाज चेन्नईला हलवण्यात आले नाही. पुढील महिन्यात सेबीने नियम कडक केले: अशी घटना घडल्यास ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करावी आणि त्यानंतर ४५ मिनिटांत सेवा पूर्ववत करावी.

मर्यादा

दोन्ही प्रक्रियांत एकच तार्किक चूक असेल, तर राखीव प्रक्रियाही त्याच ठिकाणी बंद पडते. केवळ मधला दुवा तुटल्यास दोन्ही प्रक्रिया स्वतःला प्राथमिक समजू शकतात आणि नोंदी परस्परविसंगत होतात. हे टाळण्यासाठी तिसऱ्या साक्षीदार संगणकाचा कौल घेतला जातो. राखीव प्रक्रिया असणे पुरेसे नसते; तिच्याकडील नोंद अद्ययावत असावी लागते आणि तिच्याकडे काम सोपवण्याचा निर्णय वेळेत व्हावा लागतो.