ऐतिहासिक घरे व सौर पॅनेल : बुलढाणा जिल्हा

जुन्या घरांवर सौर पॅनेल बसविण्यासंबंधीचे नियम भारतात एकत्र ग्रथित झालेले नाहीत. स्मारकसंरक्षण व नगररचना या कायद्यांच्या दोन स्वतंत्र शाखांतून ते घडत गेले. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार व सिंदखेडराजा येथे या दोहोंच्या मर्यादा स्पष्ट दिसतात.

ब्रिटिश अंमलातील 1904 च्या कायद्याने प्राचीन स्मारकांच्या जतनाचा पाया घातला. पुढे राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी 1958 मध्ये केंद्राने व इतर स्मारकांसाठी 1960 मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. केंद्रीय स्मारकांभोवतालच्या वस्तीवरील निर्बंध 16 जून 1992 च्या अधिसूचनेने आले. तीनुसार संरक्षित सीमेपासून 100 मी. पर्यंतचे क्षेत्र प्रतिषिद्ध व त्यापुढील 200 मी. चे क्षेत्र विनियमित ठरले. 2010 च्या दुरुस्तीने ही अंतरे कायद्यातच समाविष्ट झाली आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची तरतूद झाली.

लोणारचे दैत्यसूदन मंदिर हे केंद्रीय संरक्षित स्मारक गावाच्या वस्तीतच असल्याने भोवतालची घरे या कक्षेत येतात. प्रतिषिद्ध क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही. जुन्या घराची दुरुस्ती मात्र सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीने करता येते. इमारतीला वर वा बाजूला घातलेली भर ‘बांधकाम’ मानली जाते. सार्वजनिक वीजपुरवठ्याची कामे या व्याख्येतून वगळली आहेत; पण खाजगी छपरावरील पॅनेलचा कायद्यात उल्लेख नाही. ती भर, दुरुस्ती की केवळ सुटे उपकरण, हे त्यामुळे अर्थ लावण्यावर राहते आणि घरमालकाला आधी विचारणा करणेच हिताचे ठरते.

सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवांचा राजवाडा, म्हणजे जिजाबाईंचे जन्मस्थान, राज्य संरक्षित स्मारक आहे. मात्र जिल्ह्यातील बहुसंख्य जुने वाडे व धाब्याची घरे खाजगी असून त्यांना असे संरक्षण नाही. मुंबईत 1995 च्या नियमावलीने खाजगी वारसावास्तूही श्रेणीवार यादीत घेतल्या. यादीत नसलेल्या वाड्यास असे निर्बंध लागू होत नाहीत.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत 3 किलोवॉट व त्यावरील घरगुती संचास 78,000 रु. पर्यंत अनुदान ठेवण्यात आले. एक किलोवॉटच्या संचास सु. 10 चौ. मी. जागा लागते. धाब्याचे छप्पर लाकडी तुळयांवर मातीचा थर देऊन केलेले असते. त्यात खिळे वा बोल्ट ठोकल्यास पाणी मुरून तुळया कुजतात. शिवाय वाऱ्याचा ताण व संचाचे वजन त्यांवर येते. म्हणून अशा घरी संच परसात वा नव्या बांधणीच्या छपरावर उभारणे इष्ट होय. धाब्यावरच बसवायचा झाल्यास भार भिंतींवर यावा आणि वास्तूस इजा न होता संच काढता यावा, हे पाहणे आवश्यक असते. कायद्याने स्मारक व त्याचा परिसर यांचे रक्षण केले. यादीबाहेरच्या वाड्याचे रक्षण मात्र अद्याप बव्हंशी मालकाच्या विवेकावरच अवलंबून आहे.