म्हातारपणाची भाकरी आणि सरकारी तिजोरी

आपल्या कऱ्हाकाठी पूर्वी म्हातारपणाची सोय म्हणजे पोटचा लेक आणि जमिनीचा तुकडा. नीरा डाव्या कालव्याचं पाणी मिळालं तिथं ऊस उभा राहिला. जिरायत पट्ट्यातल्या आपल्या आज्या मात्र जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपत राहिल्या. हात थकले की मजुरी बंद, पेन्शन कसली?

1980 साली राज्यानं संजय गांधी निराधार अनुदान योजना आणली. 15 ऑगस्ट 1995 पासून केंद्रानं गरीब वृद्धांना महिना 75 रुपये सुरू केले. पुढं त्याचे 200 झाले. 60 ते 79 वयाच्या माणसाला केंद्राचा वाटा आजही तेवढाच आहे. राज्य त्यात भर घालतं, म्हणून 65 वर्षांपुढच्यांची श्रावणबाळ योजनेची रक्कम 2019 मध्ये 600 वरून 1000 झाली आणि 2023 मध्ये 1500.

ही भर येते कुठून? आपण साबण घेतो, तेल घेतो, त्यावरच्या करातून. आज कमावणाऱ्यांनी भरायचं आणि आज थकलेल्यांनी घ्यायचं, अशी ही साखळी आहे. पण 2011 च्या जनगणनेत राज्यात साठीपुढची माणसं एक कोटीवर गेली होती. दुसरीकडं, 2019-21 च्या पाहणीत बाईमागं सरासरी 1.7 मुलं निघाली. म्हणजे घेणारे वाढणार, भरणारे घटणार. तिजोरीला ओढ लागणार.

ओढ लागली की हात आखडतो. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्याच्या नोकरीत नव्यानं लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. मार्च 2023 मध्ये कर्मचाऱ्यांनी संप केला आणि 2024 मध्ये सरकारनं हमीच्या पेन्शनला मंजुरी दिली. त्यांच्यामागं संघटना होती. खुरपणाऱ्या आजीच्या मागं कोण? तिचे 200 रुपये कुणी कापले नाहीत, पण महागाईनं ते कुरतडले आणि त्याचा आवाजही झाला नाही.

मैत्रिणींनो, ही भीक नव्हे. आयुष्यभराच्या कष्टांचं आणि करांचं देणं आहे. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करूया: गावात 65 च्या पुढची कोण हक्काची असून राहिली, तिची यादी काढू आणि तिला घेऊन तहसील कचेरीत जाऊ. चाळिशीच्या आतल्या लेकी-सुनांना 2015 पासून चालू असलेल्या अटल पेन्शन योजनेची माहिती बँकेतून आणून देऊ. आणि ग्रामसभेत आजींच्या पेन्शनचा विषय आपणच काढू. एकटीचं गाऱ्हाणं ओसरीवरच राहतं. गटाचं कचेरीपर्यंत पोचतं.