स्वकष्टाचे शिक्षण : कर्मवीर भाऊराव पाटील आणि ‘कमवा व शिका’ची परंपरा

विद्यादान हे सर्व दानांत श्रेष्ठ मानले जाते. जैन समाजाने या दानात कधीही हात आखडता घेतलेला नाही. गावोगावची वसतिगृहे, पाठशाळा, शिष्यवृत्त्या आणि पुस्तकपेढ्या ही त्याची साक्ष आहे. परंतु दान देणाऱ्याच्या इतिहासाबरोबरच आणखी एक इतिहास आहे, तो सहसा स्मरणिकेच्या पानांवर येत नाही. तो आहे दान न मागता, घरची मदत नसताना, स्वतःच्या घामावर पदवी मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांचा. महाराष्ट्रात या परंपरेला संस्थेचे रूप देणारा महापुरुष एका जैन घरातच जन्माला आला, ही गोष्ट नव्या पिढीतील अनेकांना ठाऊक नसते. म्हणून संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्या इतिहासाचे स्मरण करणे उचित ठरेल.

माधुकरीचे दिवस

एकोणिसाव्या शतकात गरीब विद्यार्थ्यापुढे मार्ग थोडे होते. माधुकरी मागणे किंवा सात घरी सात वार लावून जेवणे हा एक मार्ग. ज्यांना तो मानवत नसे ते शिकवण्या करीत, कोणाचे कागद उतरवून देत, दवाखान्यात किंवा कचेरीत मिळेल ते काम पत्करीत. गोपाळ गणेश आगरकर हे त्यांपैकीच एक. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली जन्मलेल्या आगरकरांनी शिक्षणासाठी कधी कारकुनी केली, तर कधी दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यांच्याजवळ एकच सदरा होता. रात्री तो धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, हा त्यांचा नेम महाराष्ट्राला परिचित आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनीही मुंबईत शिकवण्या करीत आपले कॉलेजचे शिक्षण रेटले आणि १८८४ साली गणित घेऊन ते बी.ए. झाले.

पुढच्या पिढीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण आहे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात १९१८ पासून प्राध्यापकी केली, पगारातून पैसा शिल्लक टाकला, त्याला राजर्षी शाहू महाराजांच्या साहाय्याची आणि मित्राच्या उसनवारीची जोड दिली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊन राहिलेले शिक्षण पुरे करू लागले.

ही सर्व माणसे असामान्य होती. त्यांची जिद्दच त्यांची संस्था होती. पण असामान्य जिद्द प्रत्येक मुलाजवळ असत नाही. खेड्यातील सामान्य बुद्धीच्या, सामान्य धीराच्या मुलाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केले.

वसतिगृहाबाहेर पडलेला विद्यार्थी

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. घराणे दिगंबर जैन, वडील पायगोंडा पाटील हे सरकारी महसूल खात्यात नोकरीला. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला आले आणि तेथील जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. याच काळात कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. ते साल १९०८. भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे, अशी बोर्डिंगच्या व्यवस्थापनाची अपेक्षा होती. भाऊरावांनी ती मान्य केली नाही. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

हा प्रसंग समाजाच्या इतिहासात अभिमानाने सांगण्यासारखा नाही. तथापि तो झाकून ठेवण्यासारखाही नाही. ज्या धर्माने प्राणिमात्रांत जीव पाहिला, त्याच धर्माच्या नावाने चाललेल्या वसतिगृहात एका विद्यार्थ्याला माणुसकीची किंमत म्हणून आपली जागा गमवावी लागली. त्या विद्यार्थ्याने मात्र समाजाशी वैर धरले नाही. पुढे १९१४ च्या सुमारास कोल्हापुरातील डांबर प्रकरणात, त्याच बोर्डिंगशी निगडित असलेले समाजाचे नेते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. त्यांनी तुरुंगवास आणि छळ सोसला, पण खोटी साक्ष दिली नाही.

भाऊराव स्वतः मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाहीत. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या करून चरितार्थ चालविला. नंतर किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव फिरले. या भटकंतीत त्यांनी खेड्यातील दारिद्र्य जवळून पाहिले. मुलगा हुशार आहे, पण त्याला शहरात ठेवायला बापाजवळ दिडकी नाही, हे दृश्य त्यांना प्रत्येक गावात दिसले.

मूठभर धान्यापासून वटवृक्षापर्यंत

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्याला हलले आणि तेथे छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू झाले. सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवू लागली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या बोर्डिंगला भेट दिली. जे आपल्याला साबरमतीत साधले नाही ते येथे घडलेले पाहून त्यांना आनंद झाला, असे सांगितले जाते.

बोर्डिंग चालविण्यास पैसा नव्हता. भाऊराव लोकांकडे मूठमूठ धान्य मागत. घरात असेल नसेल ते बोर्डिंगकडे जाई. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी एकेक करून आपले दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. जैन श्राविकांच्या दानाच्या अनेक कथा पुराणांत आहेत. साताऱ्याच्या या श्राविकेची कथा अलीकडची आहे, एवढाच फरक.

पण भाऊरावांचे वेगळेपण केवळ त्यागात नव्हते. मुलाला फुकट जेवू घातले की त्याचा स्वाभिमान हळूहळू मोडतो, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून बोर्डिंगमधील मुले स्वतः स्वयंपाक करीत, पाणी भरीत, शेतात राबत, झाडे लावीत आणि बांधकामावर दगड-माती वाहत. मुलाने आपल्या भाकरीचा वाटा श्रमाने उचलावा आणि उरलेला भार समाजाने उचलावा, अशी ही विभागणी होती. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद झाले आणि वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह झाले.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तेथे मुले राहत, शिकत आणि काम करीत. त्यापुढचे पाऊल अधिक धाडसाचे होते. कॉलेजचे शिक्षण म्हणजे शहरातील सुखवस्तू घरांची मिरासदारी, अशी समजूत असताना १९४७ साली भाऊरावांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि तेथेही ‘कमवा व शिका’चे तत्त्व लागू केले. पुढे १९५४ साली कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले. विद्यार्थी शेतात, बागेत, इमारतीच्या कामावर काही तास राबे आणि त्या श्रमाचा मोबदला त्याच्या खर्चात वळता होई. बापाच्या जमिनीवर कर्ज नाही, सावकाराचे उंबरठे नाहीत, कोणाच्या दारी वार नाही. हातात कुदळ आणि काखेत पुस्तक घेऊन मुलगा पदवीधर होऊ लागला.

स्वतः मॅट्रिक न झालेल्या या माणसाला १९५९ साली पुणे विद्यापीठाने डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली आणि भारत सरकारने पद्मभूषण देऊन गौरविले. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.

नगर जिल्हा आणि भिंगार

साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले त्याच १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेजची स्थापना केली. आज जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण त्या कॉलेजचे महत्त्व जुन्या माणसांना वेगळे सांगावे लागत नाही. त्यापूर्वी कॉलेज करायचे म्हणजे पुणे किंवा मुंबई गाठायची. तेथे खोली, खानावळ आणि प्रवास यांचा खर्च फीपेक्षाही जड होई. कॉलेज नगरला आले आणि भिंगारच्या मुलाला घरची भाकरी खाऊन, सायकलवर किंवा पायी जाऊन पदवीचे वर्ग गाठता येऊ लागले.

भिंगार हे पूर्वापार हातमागाचे आणि बाजारपेठेचे गाव. शेजारी लष्कराची छावणी. अशा गावात कष्टाळू मुलाला संध्याकाळी चार पैसे मिळवून देणारे काम सापडणे अशक्य नसते. पेढीवर खतावणी लिहिणे, दुकानात माप घालणे, लहान मुलांच्या शिकवण्या घेणे ही कामे बाजारपेठेच्या गावांनी नेहमीच विद्यार्थ्यांना दिली आहेत. त्यात मालकाची सोय होती आणि मुलाची फी भागत होती. त्याची नोंद मात्र कोणत्याही अहवालात होत नसे.

रयत शिक्षण संस्थेचा वटवृक्षही नगर जिल्ह्यात रुजला. १९६० साली श्रीरामपूरला रावबहादूर नारायणराव बोरावके महाविद्यालय आणि १९६५ साली कोपरगावला सद्गुरू गंगागीर महाराज महाविद्यालय सुरू झाले. कर्जतचे दादा पाटील महाविद्यालय आणि नगरचे राधाबाई काळे महिला महाविद्यालय ही त्याच संस्थेची. ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी नगर जिल्ह्यातील महाविद्यालये संलग्न आहेत, त्या विद्यापीठाने आपल्या ‘कमवा व शिका’ योजनेला कर्मवीर भाऊराव पाटील यांचेच नाव दिले आहे. ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, बाग अशा ठिकाणी विद्यार्थी ठराविक तास काम करतो आणि तासांप्रमाणे त्याला मानधन मिळते.

दान आणि श्रम

या इतिहासाचा बोध घेताना एक सावधगिरी आवश्यक आहे. स्वकष्टाने शिकलेल्यांचे गुणगान करताना समाज कधीकधी आपली जबाबदारी झटकतो. ‘त्यांनी केले, यांनीही करावे’ असे म्हणणे सोपे असते. परंतु दिवसभर राबून रात्री वर्गात पेंगणारा मुलगा कमावतो खरा, शिकत मात्र नाही. आजची अभियांत्रिकी वा वैद्यकीय शिक्षणाची फी कोणत्याही विद्यार्थ्याला केवळ संध्याकाळच्या कामातून भरता येणार नाही, हे व्यापारी समाजाला हिशेबाने सहज कळेल. आगरकरांचा एकच सदरा ही त्यांची थोरवी होती, तशीच ती त्या काळच्या समाजाची उणीवही होती. भाऊरावांना हे कळले होते. म्हणून त्यांनी मुलांना नुसते ‘कष्ट करा’ असे सांगितले नाही. त्यांनी मुलांसाठी काम निर्माण केले, कामाचे तास ठरविले, राहायला छप्पर दिले आणि अभ्यासाला वेळ राखून ठेवला.

जैन विचाराला हे परके नाही. श्रमण या शब्दाच्या मुळाशीच श्रम आहे. गृहस्थाच्या पस्तीस गुणांत न्यायाने मिळविलेल्या धनाला आचार्य हेमचंद्रांनी अग्रस्थान दिले आहे. जिवांनी एकमेकांस उपकारक व्हावे, हे तत्त्वार्थसूत्राचे सूत्र तर प्रत्येक घरात ठाऊक आहे. उपकार एकमेकांवर व्हायचा असेल, तर घेणाऱ्यालाही काही देण्याची संधी मिळाली पाहिजे. ती मिळाली नाही तर दान घेणारा कायमचा मिंधा होतो आणि देणारा नकळत मोठेपणाच्या कषायात सापडतो.

पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या कोणत्याही समाजसंस्थेपुढे म्हणूनच एक प्रश्न उभा राहतो. शिष्यवृत्तीचा धनादेश आणि छायाचित्र एवढ्यावरच विद्यादान पूर्ण होते काय? फीचा मोठा भार परतफेडीच्या बोलीने बिनव्याजी उचलावा, आणि रोजच्या खर्चासाठी समाजाच्या दुकानांत, कार्यालयांत, ग्रंथालयांत विद्यार्थ्याला दोन-तीन तासांचे मानाचे काम द्यावे, परीक्षेच्या दिवसांत सुट्टी द्यावी, अशी व्यवस्था अवघड नाही. मुलींनाही त्यात समान स्थान असावे. मुलगा किंवा मुलगी कोणत्या पंथाची, कोणत्या जातीची, हे विचारले जाऊ नये. १९०८ साली कोल्हापुरात जे चुकले, त्याचे परिमार्जन असेच होऊ शकते.

जैन बोर्डिंगमधून बाहेर पडावे लागलेल्या एका मुलाने पुढे महाराष्ट्रातील लक्षावधी मुलांसाठी दारे उघडली. त्या दारातून आत जाताना मुलांना हात पसरावा लागला नाही, तो कामाला लावावा लागला. कर्मवीरांचे स्मरण पुतळ्याला हार घालून होते, तसेच आपल्या दुकानात एका विद्यार्थ्याला काम आणि अभ्यासाला वेळ देऊनही होते. यांतील दुसरे स्मरण अधिक खरे.