एक्स्पेक्ट

एक्स्पेक्ट : माणसाशी प्रश्नोत्तरे करीत चालणाऱ्या संगणक-आज्ञावल्यांशी माणसाच्या वतीने संवाद साधणारे साधन. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या मानकसंस्थेतील डॉन लाइब्स यांनी टीसीएल या स्क्रिप्टिंग भाषेत काही आज्ञांची भर घालून ते तयार केले (१९९०).

युनिक्स परिचालन प्रणालीत १९७३ मध्ये डग्लस मॅक्लरॉय यांच्या आग्रहावरून केन टॉम्पसन यांनी ‘पाइप’ची सोय केली. तेव्हापासून शेलमधून एका आज्ञावलीचे फलित दुसरीला पुरविणे सुलभ झाले. परंतु हा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. गुप्तशब्द बदलणारी आज्ञावली किंवा दूरच्या संगणकाशी जोडून देणारी ‘टेलनेट’ मधेच प्रश्न विचारते व उत्तरासाठी थांबते. त्यातही गुप्तशब्द विचारणाऱ्या आज्ञावल्या तो बहुधा थेट टर्मिनलवरूनच वाचीत, त्यामुळे पाइपमधून आलेले उत्तर त्यांच्यापर्यंत पोहोचतच नसे. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. समोर टर्मिनल नाही असे आढळल्यास सी भाषेचे ग्रंथालय मजकूर तात्पुरत्या साठ्यात साचवून ठेवते. मग प्रश्न पुढे जात नाही, उत्तर येत नाही आणि दोन्ही आज्ञावल्या एकमेकींची वाट पाहत खोळंबतात.

अमुक मजकुराची वाट पहा, मग तमुक पाठवा, ही कल्पना मुळात जुनी. दूरध्वनीवरून संगणक जोडणाऱ्या ‘यूयूसीपी’ या युनिक्स-आज्ञावलीसाठी अशा जोड्या लिहून ठेवीत. तथापि त्यांचा उपयोग जोडणी करण्यापुरताच होता. सर्वसाधारण भाषेचे सामर्थ्य त्यांच्यात नव्हते.

ही उणीव टीसीएलने भरून काढली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन औस्टरहाउट यांचा गट एकात्मिक मंडलांच्या अभिकल्पाची साधने बनवीत असे. प्रत्येक साधनासाठी निराळी आणि तोकडी आज्ञाभाषा रचावी लागते, हे पाहून त्यांनी १९८८ मध्ये कोणत्याही साधनात बसविता येईल अशी भाषा रचण्यास प्रारंभ केला. लाइब्स यांनी नवी भाषा न घडविता हीच भाषा विस्तारली, हा त्यांच्या कामातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल.

भर पडलेल्या आज्ञांपैकी चार प्रमुख होत. ‘स्पॉन’ आज्ञावली सुरू करते, ‘एक्स्पेक्ट’ विशिष्ट मजकुराची वाट पाहते, ‘सेंड’ उत्तर पाठविते व ‘इंटरॅक्ट’ सूत्रे माणसाच्या हाती देते. मजकूर ठराविक मुदतीत न आल्यास काय करावे, हेही आधी सांगून ठेवता येते. सुरू केलेल्या आज्ञावलीला छद्म टर्मिनल जोडलेले असते. त्यामुळे समोर माणूसच आहे अशी तिची समजूत होते आणि तिच्यात एका अक्षराचाही बदल करावा लागत नाही.

याच गुणात दोषही दडलेला आहे. प्रश्नाचे शब्द जरा बदलले, तरी स्क्रिप्ट अडते. गुप्तशब्द स्क्रिप्टमध्ये उघडा लिहिण्याची सवयही त्यातून बोकाळली व ती धोक्याचीच होती. टाटू इलोनेन यांच्या ‘एसएसएच’मध्ये (१९९५) किल्लीच्या साहाय्याने ओळख पटविता येऊ लागल्यावर ते कारण बरेचसे उरले नाही. परीक्षणाच्या क्षेत्रात मात्र एक्स्पेक्ट टिकून राहिले : ‘जीसीसी’ संकलकाच्या चाचण्या चालविणारी ‘देजाग्नू’ ही चौकट त्याच्यावरच उभारलेली असून पायथन भाषेतील ‘पीएक्स्पेक्ट’ हे त्याचेच अनुकरण होय.